सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर यावा

अक्कलकोट तालुक्यातल्या आजच्या विद्यार्थ्यांना नारू हा रोग पुस्तकातच भेटतो. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांत तो होता. पायऱ्यांच्या विहिरींतल्या पाण्यातून, सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचरामार्फत तो पसरे. लोक पाणी गाळून पिऊ लागले, विहिरींत उतरणे थांबले, तसा तो हटला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. सायक्लॉप्स मात्र विहिरी-तळ्यांत आजही आहे. तो डोळ्यांनी पाहिलेली मुले किती?

अनेक शाळांत सूक्ष्मदर्शक एकच असतो आणि बिघडेल या धास्तीने तोही कपाटात राहतो. धास्ती अगदीच खोटी नाही, वस्तू महाग आहे. पण आता त्याला पर्याय आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले, स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुल्स्की यांनी २०१४ मध्ये फोल्डस्कोपचा आराखडा प्रसिद्ध केला. जाड कागदाच्या घड्या आणि इवलेसे गोल भिंग, एवढाच त्याचा पसारा. तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो, दप्तरात मावतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. एकाच भिंगाची ही युक्ती जुनीच. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने असल्याच साधनातून पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले होते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही फोल्डस्कोपसाठी अनुदाने दिली आहेत.

मात्र नुसते वाटप म्हणजे चार दिवसांची गंमत. कुरनूर धरणाच्या पाण्याचा थेंब उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर एकाच जागेवरून घ्यावा, ज्वारीवरची काणी पाहावी, दिसेल ते मोजून तारखेसह लिहावे. संशोधनाची सुरुवात अशीच होते.

एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. दोन मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील या भिंगातून नीट दिसत नाही आणि बहुतेक जिवाणू त्याहून लहान असतात. थेंबात काही दिसले नाही, म्हणून पाणी पिण्याजोगे ठरत नाही. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच व्हायची, हिवताप-क्षयाचे निदानही तिथेच.

अडचण खरी आहे ती गुणांची. प्रात्यक्षिक वहीत पुस्तकातली आकृती सुबक उतरवली की गुण पडतात. स्वतः पाहिलेली वाकडीतिकडी आकृती मागे पडते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा थर्माकोलच्या प्रतिकृतींशेजारी अशा निरीक्षण वह्यांसाठी एक टेबल राखून ठेवावे.