वटाव द्या, पण विकू द्या

पैसे बुडणे वेगळे आणि पैसे अडकणे वेगळे. रायपूरने २००६ मध्ये दोन्ही एकत्र पाहिले, जेव्हा इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँकेचे शटर खाली आले. पासबुकात आकडा होता, हातात रुपया नव्हता. ठेव विमा तेव्हा १ लाखापर्यंतच होता. त्यावरच्या रकमेची वाट पाहण्यात लोकांची वर्षे गेली. पी-टू-पी, म्हणजे व्यक्तीने व्यक्तीला दिलेल्या, कर्जाला तर तेवढेही छत्र नाही. तिथे आपण ठेवीदार नसतोच, सावकार असतो: ॲपवरून एका अनोळखी माणसाला जास्तीत जास्त ५० हजार, कमाल ३६ महिन्यांसाठी. तरीही काही ॲप्स ‘हवे तेव्हा पैसे काढा’ असे सांगत राहिली. तीन वर्षांचे कर्ज एका दिवसात परत कसे येणार? नव्या सावकाराचे पैसे जुन्याच्या हातात ठेवूनच. नवे येत राहिले तोवर सगळे सुरळीत दिसले. रिझर्व्ह बँकेने १६ ऑगस्ट २०२४ रोजी हा खेळ बंद केला. एका कर्जदात्याच्या पैशातून दुसऱ्याला मोकळे करायचे नाही, हमखास परताव्याची भाषा करायची नाही, तोटा झाला तर तो कर्जदात्याचाच. हे योग्यच झाले.

पण या दणक्यात मुदतीआधी बाहेर पडण्याची प्रामाणिक वाटही बुजली. आजारपण आणि मुलीचे लग्न ३६ महिने थांबत नाहीत. ‘लागणारच नाहीत तेवढेच पैसे गुंतवा’ हा सल्ला ऐकायला शहाणा वाटतो. तो पाळता येईल अशी घरे किती, हा प्रश्न आहे. व्यापाऱ्यांनी यावर पूर्वीच उपाय काढला होता, त्याचे नाव वटाव. हुंडीची मुदत भरायच्या आत पैसे हवे असतील तर थोडे कमी घ्यायचे. लिलावाच्या भिशीतही गरजू माणूस मोठी सूट सोडून रक्कम आधी उचलतो आणि ती सूट बाकीच्यांत वाटली जाते. ॲप्सनी वटाव लपवला, घाईची किंमत जणू कुणालाच मोजावी लागत नाही असे भासवले, आणि खोट तिथेच होती. आज रायपूरजवळच्या उरला-सिलतरा औद्योगिक पट्ट्यातला लघुउद्योजक आपली बिले ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचावर लिलावाने वटवू शकतो. बँका आणि वित्तसंस्था आपली कर्जे एकमेकांना कशी विकतील, याचे निर्देश २०२१ पासून आहेत. मग पंचवीस कर्जदारांत पैसे विखुरलेल्या रायपूरच्या निवृत्त शिक्षकाला आपले कर्जपत्र खुल्या बाजारात, पडेल त्या भावाने, विकता का येऊ नये?

आक्षेप असा की हुशार विक्रेता कुजके कर्ज भोळ्याच्या गळ्यात मारेल. भीती खरी आहे. म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख खरेदीदारासमोर उघडी हवी, थकलेल्या कर्जावर तसा ठळक शिक्का हवा आणि प्लॅटफॉर्मने स्वतः खरेदीदार होता कामा नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: संकटात असा बाजारच गोठतो. ब्रिटनमधल्या ‘फंडिंग सर्कल’ या पी-टू-पी प्लॅटफॉर्मवर २०१९ च्या अखेरीस कर्ज विकायला शंभराहून जास्त दिवस लागू लागले आणि एप्रिल २०२० मध्ये ती सोय थांबवावी लागली. मात्र तिथे कर्ज दर्शनी किमतीलाच विकावे लागे. भाव उतरायची मुभा नव्हती, म्हणून रांग वाढत गेली. लॅटव्हियाच्या ‘मिंटोस’ या कर्ज-प्लॅटफॉर्मवर त्याच काळात मोठ्या वटावाने का होईना, खरेदी-विक्री चालू राहिली. शंभराचे ऐंशी मिळणे कुणालाच आवडत नाही. पण दवाखान्याचे बिल भरायचे असते तेव्हा आज हाती येणाऱ्या ऐंशीची किंमत ॲपवर दिसणाऱ्या शंभरापेक्षा जास्त असते. तो सौदा करायचा की नाही, हे विकणाऱ्याला ठरवू द्यावे.