‘मला मशीनवर ठेवू नका’ : नुसतं तोंडी सांगून भागत नाही

“माझे हाल करू नका, घरीच राहू द्या,” असं गावोगावची म्हातारी माणसं सांगतात. पण वेळ आली की पोरं घाबरून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतात. मग आयसीयू, व्हेंटिलेटर. नको म्हणावं तर भावकी बोट दाखवते, चालू ठेवावं तर दावणीची जनावरं विकायची पाळी. डॉक्टरही तोंडी शब्दावर मशीन काढायला धजत नाहीत.

यावर कायदेशीर मार्ग आहे. केईएम रुग्णालयात जवळपास ४२ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने हा प्रश्न देशापुढे आला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने ‘लिव्हिंग विल’ म्हणजे जिवंतपणीचं वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे कुणी त्या वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे.

१८ वर्षांवरील, शुद्धीत असलेली कुणीही व्यक्ती असा कागद करू शकते. बरं होण्याची आशा नसेल तर हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची का, व्हेंटिलेटर लावायचा का, हे त्यात स्पष्ट लिहायचं. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्यांची नावंही द्यायची. मन बदललं तर कागद लेखी रद्द करता येतो.

“पोरं जमिनीसाठी याचा गैरवापर करतील,” ही शंका रास्त आहे. म्हणूनच कागद असला तरी निर्णय एकट्या घरच्यांचा नसतो. दवाखान्यातलं डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ, दोघांची संमती लागते. जमिनीच्या वाटणीशी याचा संबंध नाही, त्याचं मृत्युपत्र वेगळं. शिवाय हे इंजेक्शन देऊन मारणं नव्हे. वेदना कमी करणारी औषधं आणि सेवा चालूच राहते.

कागदाची एक प्रत पंचायतीकडे द्यावी आणि तिथल्या अधिकाऱ्याने ती सांभाळावी, असं कोर्टाने सांगितलंय. ती कोण सांभाळणार, हे येत्या ग्रामसभेत ग्रामसेवकाला विचारायला हवं. आणि त्याआधी घरात बसून बोलायला हवं. माणूस शुद्धीत असतानाच हे बोलणं होऊ शकतं. आयसीयूच्या दाराशी उभ्या पोरांवर तो भार टाकणं बरं नव्हे.