धड तेच, डोके निराळे

गेल्या वर्षी गणेशोत्सवात लश्करातील एका मराठी मंडळाने मला मुलांच्या चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावले. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला शाल-नारळ मिळण्याची वर्षातली ही एकच जागा. मी आनंदाने गेलो. विषय होता ‘माझे आवडते ठिकाण’. बेचाळीस कागद आले. ते टेबलावर पसरले आणि पाच मिनिटांत माझ्या ध्यानात आले, की किल्ला असो, मेळा असो की आजोळचे अंगण असो, प्रत्येक ठिकाणी एकच मुलगा उभा आहे. वाटोळे डोके, टपोरे डोळे, उघडे अंग आणि केशरी धोतर. बेचाळीसपैकी एकोणतीस कागदांवर छोटा भीम! उरलेल्यांत मोटू, पतलू आणि दोन डोरेमॉन.

एक कागद मात्र वेगळा होता. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने मानमंदिराची बदके काढली होती. सीमाभागातील वाचकांसाठी सांगतो: राजा मानसिंह तोमराने पाचशे वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जो वाडा बांधला, त्याच्या बाहेरच्या भिंतींवर झिलईच्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या टाइल्स आहेत. त्यांत केळीची झाडे आहेत, हत्ती आहेत, मगरी आहेत आणि पिवळ्या बदकांची एक लांब रांग आहे. १५२८ मध्ये बाबर इथे आला, तेव्हा त्या केळींची नोंद त्यानेही आपल्या आत्मचरित्रात केली. या मुलीच्या कागदावर तीन बदके होती. दोन पुढे चाललेली आणि तिसरे मान वळवून मागे पाहणारे.

मी विचारले, “हे मागं का बघतंय गं?”

“त्याचं पिल्लू मागं राहिलंय ना!”

“मग पिल्लू कुठाय?”

“ते कागदाच्या बाहेर आहे.”

पहिले बक्षीस एका भीमाला मिळाले. “सफाई बघा मास्तर, अगदी टीव्हीवरच्यासारखा!” असे माझे दोन्ही सहपरीक्षक म्हणाले. बदकांना उत्तेजनार्थ. निकालपत्रावर तिसरी सही माझी आहे. वाद घालायचा कंटाळा आला, वेळ झाली होती, आरतीची घंटा वाजत होती, ही सगळी कारणे खरी आहेत आणि एकही पुरेसे नाही. हा लेख त्या सहीपोटी लिहितो आहे.

आता तक्रार करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. महाराज बाड्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींपैकी नाना तर या विषयावर तासभर बोलतात. “अहो मास्तर, हल्लीच्या कार्टूनात चित्र असतं कुठं? गोल काढायचा, दोन ठिपके द्यायचे, झालं! आमच्या वेळचं टॉम अँड जेरी बघा.” नानांचे दुःख खरे आहे, पण नेम चुकला आहे. तोच नेम आपल्या मासिकांतून आणि शाळांच्या पालकसभांतून वर्षानुवर्षे चुकत आलेला आहे, म्हणून जरा तपशिलात शिरतो.

टॉम आणि जेरी हे जोडपे १९४० मध्ये चित्रपटगृहासाठी जन्मले. सात मिनिटांचा पट म्हणजे सेकंदाला चोवीस या हिशेबाने दहा हजार चौकटी. दोन चौकटींना एक चित्र वापरले तरी पाच हजार चित्रे झाली, आणि ती सगळी हाताने. १९५७ मध्ये त्या कंपनीने आपला कार्टून विभागच बंद केला. ज्या दोघांनी हे मांजर-उंदीर घडवले, ते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा दूरदर्शनच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथे पैसा थोडा आणि घाई फार. तेव्हा त्यांनी काय केले? योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय अडकवला! शोभेसाठी नव्हे. कॉलरच्या रेघेवर डोके धडापासून वेगळे करता येते. धड स्थिर ठेवायचे आणि डोके तेवढे हलवायचे. पात्रे धावू लागली, की मागे तोच दिवा, तेच टेबल, तीच खिडकी पुन्हा पुन्हा सरकत जाई. चक जोन्ससारखा जुना कसबी माणूस या प्रकाराला सचित्र रेडिओ म्हणत असे. म्हणजे नाना ज्या सुवर्णयुगाची आठवण काढतात, त्याच्या जन्मदात्यांनीच ही काटकसर घराघरांत नेली. नानांना हे सांगितले, तर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हाच वाद अमेरिकेत अलीकडे नव्याने पेटला. २०१० नंतरच्या मालिकांतील सर्व तोंडे शेंगेसारखी, सर्व डोकी भोपळ्यासारखी, आणि हे सारे कॅलिफोर्नियातील एका कलाशाळेचे पाप, असा तिथल्या रसिकांचा आरोप. २०१८ मध्ये ‘थंडरकॅट्स’ या जुन्या मालिकेचे नवे गोलमटोल रूप जाहीर झाले, तेव्हा तर मोठा गहजब उडाला. आपल्याकडच्या शहाण्यांनी तो आरोप जसाच्या तसा उचलला. एकसारखेपणाविरुद्धची तक्रारसुद्धा आपण परदेशातून छापील आणावी, याला काय म्हणावे!

रेघ साधी होणे हा गुन्हा नाही. १९७४ साली विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘एक अनेक और एकता’ हा छोटा पट केला. त्याचे चित्रण भीमसेन यांचे. सपाट रंग, मोजकी हालचाल, जाळ्यात सापडलेली पाखरे आणि एक बहीण-भाऊ. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर अगदी गरिबाघरचे काम. पण दूरदर्शनवर तो ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांना ती पाखरे जाळ्यासकट उडताना आजही दिसतात. कारण ती पाखरे त्या गोष्टीसाठी काढलेली होती. दुसऱ्या कुठल्या गोष्टीतून उसनी आणलेली नव्हती.

इथे खरी गोम आहे. आज दूरचित्रवाणीवरच्या पुष्कळशा देशी मालिका संगणकावर ज्या रीतीने तयार होतात, त्यात पात्र एकदाच काढतात आणि त्याचे तुकडे करून ठेवतात. डोके समोरून, डोके बाजूने, पापणी उघडी, पापणी मिटलेली, तोंडाचे आठ-दहा आकार, कोपरापासून हात, गुडघ्यापासून पाय. हे सारे एका भांडारात जमा. पुढे प्रत्येक भागात भांडारातून तुकडे काढायचे आणि जोडायचे. तुकडे असण्यालाही माझी हरकत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, त्याही एकदा कापून ठेवलेल्याच असतात. पण पिंगुळीची बाहुली नाचवणारा बोटांनी तिला दर खेळात नवी चाल देतो. इथे रागही भांडारातला, हसूही भांडारातले. भीम रागावला की त्याची भुवई जेवढी वाकडी होते, तेवढीच ती दहा वर्षांपूर्वीही झाली होती.

आणि एकदा भांडार भरले, की मालकाला दुसरा मोह होतो. नवे पात्र हवे आहे ना? धड तेच ठेवा, डोके बदला. डोके नको, नुसते केस बदला.

छोट्या भीमावर माझा राग नाही, हे सांगितले पाहिजे. २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेने तो पोगो वाहिनीवर आणला, तेव्हा परदेशी पात्रांच्या गर्दीत धोतर नेसलेला एक लाडूखाऊ पोरगा पाहून मला मनापासून बरे वाटले होते. ते काम पहिल्याने करणाऱ्याचे होते. राग आहे तो नंतरच्या रांगेवर. २०१२ मध्ये जुन्या ‘लोटपोट’ मासिकातले मोटू-पतलू त्रिमितीत आले. त्यानंतर शिवा, रुद्र, लिटल सिंघम. एक शूर पोर, त्याचे चार मित्र, एक बावळट दांडगट, एक गाव, एक संकट, आणि शेवटी मारामारी. गावाचे नाव बदलते. वाहिन्यांना रोज तासन्‌तास भरायचे असतात, भाग स्वस्तात आणि लवकर हवे असतात, आणि जे एकदा चालले तेच पुन्हा चालेल हा व्यापाऱ्याचा जुना विश्वास. चित्रकार बिचारा काय करील? माझा एक विद्यार्थी अशाच एका स्टुडिओत नोकरीला होता. उत्तम हात होता त्याचा. दोन वर्षांत त्याने एकही चित्र काढले नाही, फक्त हात-पाय फिरवले. आता तो मोबाईलच्या दुकानात बसतो.

“मुलांना हेच आवडतं,” हे यावरचे ठरलेले उत्तर. मुलांना तीच गोष्ट पुन्हा ऐकायला आवडते, यात शंका नाही. पण आजीने तीच गोष्ट चारशे वेळा सांगितली, तरी त्यातला कोल्हा कधी लंगडतो, कधी शिंकतो, कधी झोप आल्यामुळे लवकर मरतो.

ग्वाल्हेरच्या माणसाने घराण्याचा दाखला द्यायचा नाही, हे कसे चालेल? तुमच्याच भागातले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर उत्तरेत आले, वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांच्याकडून ती कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांकडे गेली. बंदिश तीच, राग तोच, आलापाची शिस्तही तीच. म्हणून पलुसकर हे बुवांची नक्कल झाले काय? शैली हाताने हाताला दिली जाते आणि प्रत्येक हात तिला थोडी वाकवतो. आमच्या लश्करात चितेरा ओळी नावाची गल्ली आहे. लग्नघराच्या दाराशी गणपती, हत्ती, घोडेस्वार रंगवणाऱ्या चितेऱ्यांची ही वस्ती. प्रत्येक दारावर हत्तीच असे. पण एक भिंत रुंद, दुसरी अरुंद, तिसरीला मध्येच खिडकी. म्हणून कुठे हत्तीची सोंड वर जाई, कुठे खिडकीला वळसा घाली. आता तिथे फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवरचा हत्ती खिडकी आडवी आली तर सरळ कापला जातो.

नवे काम अजिबात होत नाही, असेही नाही. मुंबईच्या वैभव स्टुडिओचा ‘लॅम्पुट’ हा नारिंगी गोळा पाहा. एक शब्द न बोलता दोन डॉक्टरांना पळवत नेतो, आणि दर वेळी त्याचा आकार कोणी तरी नव्याने विचार करून ठरवलेला असतो. २०१८ चा ‘सिंपल समोसा’ही असाच. सामोसा, जिलबी, वडा आणि ढोकळा यांना एकच धड लावायचे म्हटले तरी लावता येणार नाही!

माझा शेवटचा राग आपल्यावर आहे. या कलेत मराठी माणूस कालचा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ करून काड्या हलवल्या, प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ काढला. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजला १९२५ साली जन्मलेल्या शि. द. फडणिसांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर एक शब्द न लिहिता अख्ख्या महाराष्ट्राला हसवले. हे वैभव सांगताना आपली छाती फुगते. पण आपल्याकडे नाटकाला समीक्षक आहेत, सिनेमाला आहेत, कवितेला तर कवींहून अधिक आहेत. आणि आपली मुले रोज संध्याकाळी जे पाहत जेवतात, त्याबद्दल दिवाळी अंकांत दोन बऱ्या पानांची समीक्षा मी कित्येक वर्षांत वाचलेली नाही. ते चांगले की वाईट, कुणी काढले, कसे काढले, कुणी विचारतच नाही. जेवण चटकन संपते ना, मग झाले! माझ्या घरीही नातवाला असेच भरवतात, आणि आपले शौर्य गाजवून झाल्यावर तो माझ्याशी हिंदीत बोलतो.

यंदा मंडळाने पुन्हा बोलावले, तेव्हा मी अट घातली: टीव्हीवरचे एकही पात्र चालणार नाही. चिटणीस म्हणाले, “मास्तर, मुलं येणार नाहीत.” बेचाळीसच्या जागी सतरा आली. बदकांवाली मुलगी त्यांत नव्हती. गेल्या वर्षीच्या उत्तेजनार्थ बक्षिसाने तिला काय उत्तेजन मिळाले असेल, हे तिच्या आईला विचारायचा मला धीर झाला नाही. पहिली वीस मिनिटे चार-पाच मुले कोऱ्या कागदाकडे पाहत बसली होती. अखेर एकाने हात वर केला.

“सर, मग माणूस बनवायचा कसा?”

“शेजारी कोण बसलाय, त्याच्याकडे बघ आणि काढ.”

त्याने शेजाऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि कानापासून सुरुवात केली. कान फार मोठे झाले. शेजाऱ्याने ते पाहिले, आणि भांडण सोडवायला मला खुर्चीवरून उठावे लागले.