कुंपणापलीकडची फांदी

शेजारच्या आंब्याची फांदी आपल्या अंगणात आली, तर ती तोडता येते का? दिवाणी कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहाने १८९४ मध्ये ‘लेमन विरुद्ध वेब’ खटल्यात दिलेल्या निकालाचे तत्त्व आपल्याकडेही मानले जाते: आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत छाटता येते, मात्र त्यासाठी शेजाऱ्याच्या जागेत पाऊल टाकता येत नाही. फांदी कितीही वर्षे आत राहिली, तरी झाडमालकाला त्यावर वहिवाटीचा हक्क मिळत नाही. फळे आणि छाटलेले लाकूड मात्र त्याचेच. मुळांवर विष ओतून झाड मारणे हा तर हक्कच नव्हे.

शहरात एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणेही ‘झाड तोडणे’ ठरते. म्हणून कोयता उचलण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. हा अंकुश योग्यच आहे. त्याविना कुंपणालगतचे एकही झाड टिकणार नाही. पण छतावर टेकलेल्या धोकादायक फांदीसाठी नागरिकाने महिनोन्‌महिने हेलपाटे घालावेत, हे अन्यायाचे आहे. अशा किरकोळ छाटणीचा निर्णय पावसाळ्यापूर्वी, ठरावीक मुदतीत आणि प्रभाग पातळीवरच व्हायला हवा. शेजाऱ्यांनीही अर्ज करण्याआधी एकमेकांशी बोलावे. फांदीच्या वादापायी वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढणे कोणाच्याच हिताचे नाही.