दात पडला, दूध आणा!

दुधाचा दात पडला की तो उंदराच्या बिळात टाकायचा, नाही तर कौलावर फेकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आता ना बीळ सापडते ना कौल. पण पडलेला दात म्हणजे केर, ही समजूत मात्र पक्की बसली आहे. आठ वर्षांपुढच्या मुलाचा समोरचा दात मैदानावर पडला, तर तो बहुधा कायमचा असतो, आणि केरात टाकण्याजोगा मुळीच नसतो.

व्यायामशिक्षकाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या काही मुलामुलींशी मध्यंतरी पुण्यात बोलण्याचा योग आला. उद्या हीच मंडळी आपल्या मुलांना कबड्डी, खो-खो, हॉकी शिकवणार. मुरगळलेला घोटा, मोडलेला हात यांची उत्तरे त्यांनी धडाधड दिली. मग मी विचारले, "खांबावर सूर मारताना खेळाडूचा दात मुळासकट बाहेर आला, तर?" वर्ग गप्प. एकजण म्हणाला, "तुरटीच्या पाण्याने चूळ भरायला सांगू." दुसरी म्हणाली, "दात नळाखाली घासून, रुमालात गुंडाळून घरी पाठवू." हेतू चांगला, पण दाताचा जीव घेण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही!

दात हा जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे अस्तर असते, जेमतेम पाव मिलिमीटरचे. दात निखळला की त्यातले काही मुळाला चिकटून येते आणि त्याच्या पेशी जिवंत असतात. रुमालात त्या वाळतात, साध्या पाण्यात फुगून फुटतात, घासल्या तर खरवडून निघतात. पंधरा मिनिटांत दात जागेवर गेला तर उत्तम. तासभर कोरडा राहिला, तर पेशी बहुतेक मेल्याच म्हणायच्या. मग बसवलेला दातही पुढे हाडाशी सांधून हळूहळू झिजत जातो.

तेव्हा दात पांढऱ्या भागाने उचलावा. मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने हलके धुवावा आणि तिथल्या तिथे खाचेत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. 2020 सालच्या आंतरराष्ट्रीय दंततज्ज्ञांच्या सूचनाही हेच सांगतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. आत वाढणाऱ्या दाताला इजा होते.

"आणि मूल ओरडले, हात धजावला नाही, तर?" एका मुलीने विचारले. प्रश्न अगदी रास्त. तर दात थंड दुधात टाकून थेट दंतवैद्याकडे न्यावा. चितळ्यांची पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. टपरीवरचे उकळते, साखर घातलेले दूध नको. मूल बेशुद्ध असेल किंवा उलट्या करीत असेल, तर दाताचा विचार मागाहून, आधी डोक्याचा.

1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जर्मन गोलरक्षकाशी टक्कर होऊन ध्यानचंदांचा दात पडला आणि तरीही ते मैदानावर परतले, असे सांगतात. भारताने तो सामना 8–1 ने जिंकला. पराक्रम खराच! पण शाळेच्या मैदानावर दहा वर्षांच्या पोराकडून त्याची अपेक्षा करणारे मास्तर मला मुळीच आवडत नाहीत. बुटांवर हजारो रुपये खर्चणारे पालक दातांच्या रबरी कवचाला नाक मुरडतात, तेही नाही.

दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिराला मुलाला धाडण्यापूर्वी प्रशिक्षकांना दोनच गोष्टी विचारा: मैदानाजवळ दूध कुठे मिळते, आणि रविवारी संध्याकाळी कोणता दंतवैद्य दवाखाना उघडा ठेवतो? सणस मैदानावरून निघून स्वारगेटच्या गर्दीत दवाखाना शोधू लागलात, तर तास तिथेच संपेल.