हप्ता सुटला आणि बारा टक्केवाले दारात

या महिन्याच्या ५ तारखेला बँकेचा मेसेज आला नाही. गेली १२ वर्षं घराच्या कर्जाचे ११ हजार ४०० रुपये त्या दिवशी कापले जायचे. गाडीचं कर्ज मागच्या वर्षीच फिटलं, कंपनीच्या सोसायटीचं त्याच्या आधी. बायको म्हणाली, "नीट बघा, बँक विसरली असंल." बँक विसरत नसते. हप्ते संपले, एवढंच.

पण आपल्या कराडात असली बातमी लपून राहत नाही. आठ दिवसांत चौघं येऊन गेले. एकाकडं २० वर्षांची विमा पॉलिसी, एकाकडं अर्ध्या गुंठ्याचा प्लॉट (एन.ए. 'होणार आहे'), एकाकडं मोबाईलवरचं कसलं तरी ॲप, महिन्याला १० टक्के. त्याला चहासुद्धा विचारला नाही. चौथे आमचे दाजी. दाजींना चहा द्यावाच लागतो.

दाजी सध्या एका नव्या मल्टिस्टेटच्या स्थानिक सल्लागार समितीवर आहेत. रविवारी शाखेचं उद्घाटन आहे. म्हणाले, "बँकेत सात टक्क्यानं काय मिळतंय तुम्हाला? आम्ही बारा देतोय. आपलीच माणसं आहेत." मी विचारलं, "दाजी, तुमची स्वतःची ठेव किती आहे तिथं?" दाजी हसले. म्हणाले, "आमचं काय, सगळं शेतातच जातंय."

दाजी हे वाचतील. वाचू द्या, तोंडावर पण हेच बोललोय.

आता जरा हिशेब करू. सात आणि बारामधला फरक पाच टक्के, म्हणजे लाखाला वर्षाला ५ हजार. त्या ५ हजारांसाठी तुम्ही अख्खा लाख पणाला लावताय. तो बुडाला तर नुसत्या जादा व्याजातून भरून काढायला २० वर्षं लागतील. शिवाय ठेवीला १२ टक्के द्यायचे तर संस्थेला कर्ज १५-१६ टक्क्यांच्या खाली देऊन परवडत नाही, कारण भाडं, पगार, पिग्मी एजंटचं कमिशन सगळं त्यातनंच निघतं. आता १६ टक्क्यांनी कर्ज घेणारा कोण? बहुतेक वेळा ज्याला बँकेनं दारातनं परत पाठवलंय तो. नाहीतर संचालकाचा पाहुणा, ज्याला व्याज किती आहे याची फिकीरच नाही, कारण फेडायचं त्याच्या मनातच नसतं. तुमचे १२ टक्के येतात ते या दोघांच्या खिशातनं.

आत्याचं सांगतो. शेजारच्या तालुक्यातली पतसंस्था, नाव घेत नाही. मामा गेल्यावर जे आलं त्यातले २ लाख ४० हजार तिनं तिथं ठेवले, कारण चेअरमन गावचे आणि दर दिवाळीला घरी येऊन जायचे. सात वर्षं झाली. अवसायक नेमला, अर्ज भरला, पावतीच्या झेरॉक्स दिल्या, परत दिल्या. आजवर हातात आले २० हजार, तेही दोन तुकड्यांत. गुडघ्याचं ऑपरेशन राहिलंय. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९चा कायदा आहे, मालमत्ता जप्त करून विकता येते. पण जप्ती, लिलाव, कोर्टातली स्थगिती यात ठेवीदाराचं वय किती वाढतं हे आमच्या आत्याला विचारा. चेअरमन अजून गणपतीच्या स्टेजवर पहिल्या रांगेत असतात.

यावर कुणी म्हणेल, बँका पण बुडतातच की. बुडतात. कराड जनता बँकेचं आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, डिसेंबर २०२०मध्ये परवाना रद्द झाला. ती तीन वर्षं लोकांनी काय सोसलं ते आपण बघितलंय. पण परवाना रद्द करतानाच रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं, की ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल. कशामुळं? ठेव विम्यामुळं. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, माणशी ५ लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून. फेब्रुवारी २०२०च्या आधी हा आकडा फक्त १ लाख होता. २०२१च्या दुरुस्तीनंतर तर बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत ही विम्याची रक्कम द्यायची असा कायदा झालाय. हप्ता बँक भरते, तुम्ही नाही.

पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला हा विमा नाही. पावती तशीच छापलेली, काउंटर तसाच, एसी तर बँकेपेक्षा थंड. दारावर 'मल्टिस्टेट' लिहिलं की लोकांना वाटतं काहीतरी मोठं, दिल्लीची मान्यता. मान्यता म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत काम करायची नोंदणी. तुमच्या पैशाची हमी नव्हे.

एक कबूल करतो. मला पहिली गाडी पतसंस्थेनंच घेऊन दिली. तेव्हा सरकारी बँकेनं उभं पण केलं नव्हतं. चांगल्या चाललेल्या पतसंस्था या जिल्ह्यात आहेत, भाजीवाल्याला, टपरीवाल्याला त्यांच्याशिवाय कोण विचारतं? पण कर्ज घेताना पैसा त्यांचा अडकलेला असतो, ठेव ठेवताना आपला. दोन्हीकडं एकच भावना लावून कसं चालेल?

बरेच जण विचारतायत, मग तू काय करणार? माझं साधं आहे. पहिले सहा-सात महिने ११ हजार ४०० जसेच्या तसे दुसऱ्या बँकेत रिकरिंगला, तारीख तीच ५. अंगाला सवय आहे तोवर कापून घ्यायचे, नाहीतर दोन महिन्यांत ते पैसे हॉटेलात आणि मोबाईलमध्ये जिरतात. घरखर्चाच्या तीन-चार महिन्यांएवढी रक्कम साठेपर्यंत दुसरं काही नाही. ही रक्कम व्याजासाठी नाहीच. कंपनीत ले-ऑफ झाला, घरात दवाखाना निघाला, तर परत कुणाकडं हात पसरायला लागू नये म्हणून. आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवलं म्हणून विमा दुप्पट होत नाही, बँक वेगळी लागते.

त्यानंतर पीपीएफ. एप्रिल २०२०पासून ७.१ टक्क्यांवरच अडकलाय, १५ वर्षं पैसे अडकतात, पण पोरीच्या शिक्षणाला मला अडकलेलेच पाहिजेत. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरायचे, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं. राहिलेले दोन-तीन हजार इंडेक्स फंडात. ते खाली जातील, वर येतील, दहा वर्षं हात लावायचा नाही. ज्याला खाली गेलेलं बघून झोप येत नाही त्यानं त्या वाटेला जाऊ नये, त्यात काही कमीपणा नाही.

विमा घ्यायचा तर फक्त टर्मचा आणि आजारपणाचा. एफडी करायला बँकेत गेलेली माणसं पॉलिसी घेऊन बाहेर येतात, हा सुद्धा एक धंदाच झालाय. तसं कुणाचं झालं असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, उद्याच जा.

आता मूळ मुद्दा. उद्घाटनाला जे पुढारी फीत कापायला येतात त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. शाल घेतात, श्रीफळ घेतात, 'विश्वासाचं दुसरं नाव' म्हणून भाषण ठोकतात. संस्था बुडाली की म्हणतात, आम्ही फक्त पाहुणे होतो. अहो, लोक तुमचा फोटो बघून पैसे ठेवतात! दर पतसंस्थेच्या, मल्टिस्टेटच्या दारावर आणि प्रत्येक ठेव पावतीवर ठळक मराठीत छापलं पाहिजे, 'या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही.' सिगारेटच्या पाकिटावर छापतात की. एवढी एक ओळ छापायला कुणाच्या बापाचं काय जातंय? ज्यांचा कारभार स्वच्छ आहे त्यांना त्या ओळीची भीती नसावी.

रविवारी उद्घाटनाला मी जाणार आहे. पाहुण्यांना दोनच प्रश्न. तुमची स्वतःची ठेव इथं किती? आणि ही ओळ पावतीवर कधी छापणार? दाजींना कल्पना दिलीय. कुणी येणार असेल तर साडेदहाला एसटी स्टँडसमोर भेटा, आत्या पण येतीय.