ज्ञान घरी आले, परिभाषा परकीच राहिली

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांतील भ्रमणध्वनी खणखणू लागतात. पलीकडील प्रतिनिधी 'क्रेडिट', 'मॉड्यूल', 'असिंक्रोनस', 'इंडस्ट्री रेकग्नाइज्ड' हे शब्द इतक्या सफाईने उच्चारतो की, अर्थ विचारला तर अज्ञान उघडे पडेल या संकोचाने पालक गप्प राहतात आणि पहिला हप्ता भरून मोकळे होतात. भाजी घेताना दहा प्रश्न विचारणारा समाज मुलाच्या तीन वर्षांचा व्यवहार मात्र न कळलेल्या शब्दांवर करतो!

या शब्दजंजाळात सर्वाधिक फसवा आहे तो 'पदवी' आणि 'प्रमाणपत्र' यांतील फरक. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. खासगी कंपनी, ती कितीही मोठी असो, पदवी देऊ शकत नाही. तिचे प्रमाणपत्र कौशल्याच्या दृष्टीने उपयुक्त असू शकते. परंतु जेथे पदवी ही पात्रता आहे, मग ती स्पर्धा परीक्षा असो वा पदव्युत्तर प्रवेश, तेथे ते चालत नाही. जाहिरातीत 'मास्टर्स लेव्हल' असे छापलेले असते. त्यातील 'लेव्हल' या शब्दाकडे कोण लक्ष देतो?

'दूरशिक्षण' आणि 'ऑनलाइन' हेही एक नव्हेत. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे यांच्या आधारे दूरशिक्षण खेडोपाडी नेले. ऑनलाइन अभ्यासक्रमात अध्यापन महाजालावरून होते. आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी दोहोंची स्वतंत्र व्याख्या केली आणि अशा पदव्या नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. अर्थात, अभ्यासक्रमाला अनुमती असेल तरच. म्हणून आयोगाच्या यादीत विद्यापीठाचे नाव सापडले एवढ्यावर न थांबता, अभ्यासक्रम कोणता आणि सत्र कोणते, हेही पाहावे लागते. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, विधी या शाखांची पदवी ऑनलाइन मिळतच नाही. विद्यापीठाने आपले नाव कंपनीला भाड्याने देणे, ज्याला 'फ्रँचायझी' म्हणतात, तेही निषिद्ध आहे. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने तसा जाहीर इशारा दिला होता.

'क्रेडिट' या शब्दाला मराठीत 'श्रेयांक' असा सुरेख पर्याय रुळू लागला आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार सुमारे ३० तासांचे अध्ययन म्हणजे एक श्रेयांक. वर्षाला ४० श्रेयांक, अर्थात १२०० तास. हा हिशेब ठाऊक असला की 'सहा शनिवार-रविवारांत वीस क्रेडिट' असे सांगणाऱ्याला ६०० तास कोठून आणणार, असे विचारता येते. मिळवलेले श्रेयांक साठवण्यासाठी २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढीही सुरू झाली. तेथे खाते विद्यार्थ्याचे असले, तरी भरणा शिक्षणसंस्थेकडून होतो. कंपनीने स्वतःच वाटलेले 'क्रेडिट' तेथे जमा होत नाही.

आता 'मूक'. मराठी वाचकाला हा शब्द वाचून भलतेच काही वाटेल. परंतु अमर्याद विद्यार्थ्यांसाठी खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे हे इंग्रजी लघुरूप २००८ मध्ये कॅनडात जन्मले. भारताने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' हे स्वतःचे व्यासपीठ उभारले. चित्रफितीतील व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा हे सारे तेथे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क. २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करता येतात, मात्र त्यासाठी स्वतःच्या विद्यापीठाची संमती आधीच घ्यावी लागते. राष्ट्राच्या खर्चाने घरापर्यंत आलेले हे ज्ञान पुष्कळ घरांना माहीतही नसावे आणि त्याच विषयासाठी त्यांनी कर्ज काढावे, हे चित्र क्लेशदायक आहे.

याचा दोष केवळ विक्रेत्यांच्या माथी मारून चालणार नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेचा पुरस्कार केला. तरी 'स्वयम्'वरील बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत आणि प्रवेशाच्या पायऱ्याही मुख्यतः इंग्रजीतच चढाव्या लागतात. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' हे शब्द दिले तेव्हा त्यांचीही चेष्टा झाली होती. आज ते शब्द कोणाला परके वाटतात? 'असिंक्रोनस'ला 'सवडीचे अध्ययन' आणि 'प्रॉक्टर्ड' परीक्षेला 'देखरेखीखालील परीक्षा' म्हटले, तर आठवी शिकलेल्या आईलाही मुलाच्या शिक्षणाविषयी दोन प्रश्न विचारता येतील. ठिकठिकाणी अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत अशी शब्दांची एक पानाची यादी फलकावर लावली, तर त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.